एका सूत्रापाशी बसून

बाजार साडेतीनला बंद होतो. त्यानंतर तासाभराने, गडबड जरा ओसरली की हे मनन करायला बसा. चालू बाजारात ते जमत नाही. भाव हलत असतात तेव्हा डोळे आकड्यांमागे धावतात आणि विचार डोळ्यांमागे फरफटत जातो. आज लॅपटॉप मिटून ठेवा. चार्टिंक नको, अ‍ॅमीब्रोकर नको, ट्रेडिंगव्ह्यू नको. एक कोरा कागद आणि पेन्सिल पुरे. उद्या जो स्कॅन लावायचा आहे, म्हणजे अटींत बसणारे शेअर सॉफ्टवेअरकडून शोधून घ्यायचे आहेत, त्याचं सूत्र आज फक्त साध्या मराठीत लिहायचं आहे, आणि घाई न करता.

पहिली ओळ लिहा: बंद भाव ५० दिवसांच्या साध्या सरासरीच्या वर.

एवढंच. पुढची अट सुचली असेल तर तिला जरा थांबू द्या. ही ओळ एकदा मोठ्याने वाचा. मग स्वतःला विचारा, यात मी नेमकं काय मागतोय?

सुरुवात बंद भावापासून करू. साडेतीनच्या ठोक्याला झालेला शेवटचा सौदा म्हणजे बंद भाव, असं बहुतेकांना वाटतं. एनएसईवर मात्र तीन ते साडेतीन या अर्ध्या तासात किती शेअर कोणत्या भावाला गेले, ते धरून काढलेली सरासरी हा बंद भाव मानायची पद्धत चालत आली आहे. म्हणजे ज्या पन्नास भावांची सरासरी आपण घेणार, त्यातला प्रत्येक भाव आधीच एक सरासरी आहे. त्या अर्ध्या तासात एखाद्याने शेवटच्या मिनिटाला भाव थोडा वर ढकलला, तरी बंद भावावर त्याचा फारसा परिणाम होत नाही. एका बेफिकीर सौद्याच्या हातात अख्ख्या दिवसाचा निकाल जात नाही, ही या पद्धतीतली मला आवडणारी गोष्ट.

पण सकाळी अकराला स्कॅन लावला तर? तेव्हा दिवसाचा बंद भाव अजून जन्मालाच आलेला नसतो. सॉफ्टवेअर त्याच्या जागी चालू भाव धरतं. अकराला यादीत दिसलेला शेअर तीन वाजता यादीतून गायब होतो, आणि माणूस सॉफ्टवेअरला दोष देतो. सॉफ्टवेअरने आपण विचारलं त्याचंच उत्तर दिलेलं असतं. म्हणून कागदावर त्या ओळीच्या शेजारी लिहा: हा प्रश्न मी किती वाजता विचारणार आहे? उत्तर ‘साडेतीननंतर’ असेल तर पूर्ण झालेली कॅन्डल मिळेल. उत्तर ‘अकराला’ असेल तर ते तसंच स्पष्ट लिहा, आणि त्या यादीला कच्ची यादी म्हणा.

आता ५० दिवस. हे कॅलेंडरचे दिवस नव्हेत, बाजार उघडा असलेले दिवस. वर्षात साधारण अडीचशेच्या आत-बाहेर असे दिवस भरतात. पन्नास म्हणजे जवळजवळ अडीच महिने. या अडीच महिन्यांवरून सावकाश नजर फिरवा. त्यात कंपनीच्या निकालाचा दिवस असेल, त्या दिवशी नेहमीच्या आठ-दहा पट उलाढाल झाली असेल. त्यात एखादा कंटाळवाणा सोमवार असेल. दिवाळी येऊन गेली असेल तर लक्ष्मीपूजनाच्या मुहूर्ताच्या सौद्यांचा एक तासही असेल, आणि सूत्राच्या हिशेबी तो एक तास म्हणजे एक पूर्ण दिवस. साधी सरासरी या सगळ्यांना सारखंच मोजते. ‘५० ची सरासरी म्हणजे गेल्या अडीच महिन्यांतल्या खरेदीदारांचा सरासरी खरेदीभाव’ असं जे सर्रास सांगितलं जातं, ते त्यामुळे अर्धंच खरं. खरेदीदार किती होते हे या सरासरीला ठाऊकच नाही. ती दिवसांची सरासरी आहे, माणसांची नाही. माणसांच्या जवळ जायचं असेल तर उलाढालीने भारित सरासरी घ्यावी लागेल. कोणती हवी, ते तुम्ही ठरवा. पण आपण कोणती घेतली आहे ते माहीत असू द्या.

इथे थोडं रेंगाळू, कारण साध्या सरासरीची खरी गंमत पुढे आहे.

एक शेअर डोळ्यांसमोर आणा. पन्नास दिवसांची सरासरी ४०० रुपये. काल बंद भाव ४२०, आजही ४२०. भाव जागचा हलला नाही. तरी आज सरासरी हलणार. आजचा दिवस आत येताना एक दिवस बाहेर जातो, पन्नास सत्रांपूर्वीचा. त्या दिवशी भाव ३५० असेल तर सरासरी १ रुपया ४० पैशांनी चढेल. तो ४५० असेल तर ६० पैशांनी उतरेल. आज जे घडलं ते दोन्ही वेळी तेच. फरक पडला तो अडीच महिन्यांपूर्वीच्या, आता कुणाला आठवतही नसलेल्या एका दिवसामुळे. उद्या कोणता दिवस बाहेर पडणार हे आज चार्टवर मोजून पाहता येतं. ‘सरासरी चढती हवी’ अशी अट तुम्ही लिहिता, तेव्हा त्या अटीचा अर्धा भार या मागे पडणाऱ्या दिवसांवर असतो. हे एकदा शांतपणे मनात मुरू द्या. चढत्या रेषेकडे पाहताना, ती आज आलेल्या तेजीने चढते आहे की जुनी मंदी हिशेबातून गळून पडल्याने, एवढा एक प्रश्न त्यानंतर आपोआप पडू लागतो.

सरासरी किती सावकाश हलते याचा एक मोठा दाखला आपल्याच बाजारात आहे. २३ मार्च २०२० या दिवशी निफ्टी ८,७४५ वरून ७,६१० वर आला. एका दिवसात ११३५ अंकांची, सुमारे १३ टक्क्यांची घसरण. त्या दिवशी २०० दिवसांच्या सरासरीतून जो दिवस बाहेर पडत होता, तो २०१९ च्या मे-जून दरम्यानचा, निफ्टी तेव्हा बारा हजारांच्या आसपास. फरक सुमारे सव्वाचार-साडेचार हजार अंकांचा, त्याला २०० ने भागा. सरासरी हलली ती वीस-बावीस अंकांनी. बाजाराच्या इतिहासातल्या सर्वांत भयंकर दिवसांपैकी एक दिवस आणि २०० च्या सरासरीवर त्याची एवढीच खूण. कुणी याला सरासरीचा दोष म्हणतं. मी म्हणणार नाही. २०० ची सरासरी आपण घेतो तीच मुळी एका दिवसाने डळमळू नये म्हणून. तिच्याकडून त्याच दिवशी इशाऱ्याची अपेक्षा ठेवणं ही आपली चूक. तुमच्या सूत्रात २०० आलं असेल तर त्यामागे ‘मला उशिरा कळलं तरी चालेल’ अशी संमती दिलेली आहे. ती खरोखर मनापासून दिली आहे का, ते पाहा.

एक्स्पोनेन्शियल सरासरी (ईएमए) घेतली तर बाहेर पडणारा दिवस उरतच नाही. कालच्या दह्याचं विरजण आजच्या दह्यात आणि आजच्याचं उद्याच्यात, तसा प्रत्येक जुना दिवस तिच्यात थोडा थोडा राहतो. २० दिवसांच्या ईएमएत आजच्या भावाला २ भागिले २१, म्हणजे साडेनऊ टक्के वजन मिळतं. बाकी सगळं कालच्या ईएमएचं. वजाबाकी करत मागे गेलात तर वीस दिवसांपलीकडच्या काळाचा वाटा अजून साडेतेरा टक्क्यांच्या आसपास शिल्लक असतो. म्हणूनच दोन सॉफ्टवेअरांत एकाच शेअरची ईएमए थोडी वेगळी दिसते: एकाने इतिहास लांबून धरलेला असतो, दुसऱ्याने जवळून. तेव्हा काट्यावरच्या शेअरसाठी डोकं पिकवू नका. पाच पैशांच्या फरकाने एखादा शेअर एका यादीत आला आणि दुसरीत आला नाही, तर त्यातून शिकण्यासारखं काही नसतं.

आता पेन्सिल उचला आणि पहिल्या ओळीखाली दुसरी लिहा: बंद भावाने आज ५० दिवसांची सरासरी खालून वर ओलांडली.

दोन्ही ओळी शेजारी ठेवून पाहा. पहिलीत ‘वर आहे’, दुसरीत ‘आज वर गेला’. पहिली अवस्था सांगते, दुसरी घटना. घटना लिहायला दोन दिवस लागतात: काल सरासरीइतका किंवा खाली, आज वर. तेजीच्या बाजारात पहिल्या ओळीला शेकडो शेअर उत्तर देतील, दुसरीला मोजकेच. सूत्र लिहिणाऱ्यांची सगळ्यात जास्त दमछाक होते ती या दोन्हींचा घोळ झाल्यामुळे, असं माझं ठाम मत आहे. भावाने आज ५० ओलांडली, आणि एमएसीडीने आजच सिग्नल रेषा ओलांडली, आणि आरएसआयने आजच ६० ओलांडला: तीन घटना ‘आणि’ने जोडल्या की यादी आठवडेच्या आठवडे रिकामी येते. तीन वेगवेगळ्या गोष्टी एकाच दिवशी घडायला हव्यात, असा हट्ट त्यात असतो. मग वैतागून अटी सैल केल्या जातात, आणि कोणती का सैल केली हे कुणाला सांगता येत नाही. एका सूत्रात घटना एकच ठेवा, बाकीच्या अवस्था असू द्या. भाव २०० च्या वर आहे, आरएसआय ५० च्या वर आहे, आणि आज भावाने ५० ओलांडली. परिस्थिती अनुकूल आहे आणि तिच्यात आज काहीतरी घडलं, असं हे सूत्र सांगतं. हे वाक्य बोलून दाखवता येतं.

एक बारीक जागा दाखवतो, ती नीट पाहा. ब्रेकआउटचं सूत्र बहुतेक जण असं लिहितात: बंद भाव गेल्या २० दिवसांच्या सर्वोच्च भावापेक्षा जास्त. स्कॅन लावतात, एकही शेअर येत नाही. तेजी असो की मंदी, कधीच येत नाही. का येत नाही, यावर क्षणभर थांबा. उत्तर लगेच वाचू नका.

त्या ‘२० दिवसां’त आजचा दिवस धरलेला आहे. आजचा उच्चांक त्या विसांत बसलेला असताना आजचा बंद भाव त्याच्या वर जाणार कसा? बंद भाव फार तर उच्चांकाएवढा होईल. हवं आहे ते कालपर्यंतच्या २० दिवसांचा सर्वोच्च भाव, ‘एक दिवस आधी’ ही दुरुस्ती लावलेला. हीच गोष्ट व्हॉल्यूममध्ये अधिक लपून बसते, कारण तिथे यादी रिकामी येत नाही, फक्त थोडी चुकते. मागचे १९ दिवस रोज सरासरी एक लाख शेअर आणि आज तीन लाख, तर आजचा व्हॉल्यूम तिप्पट. पण आजचा दिवस धरून २० दिवसांची सरासरी काढली तर ती १ लाख १० हजार येते आणि तिप्पट म्हणून मागितलेला हा शेअर २.७३ पट ठरून गळतो. ज्याला मोजायचं तोच मापात शिरला की हे होतं. तुमच्या सूत्रातली प्रत्येक तुलना काढून पाहा: आजचा दिवस दोन्ही बाजूंना तर नाही ना?

आरएसआयकडे वळू. जे. वेल्स वाइल्डर यांनी १९७८ मध्ये ‘न्यू कन्सेप्ट्स इन टेक्निकल ट्रेडिंग सिस्टिम्स’ या पुस्तकात तो मांडला. एटीआर आणि एडीएक्सही त्याच पुस्तकातले. त्या काळी हे हिशेब कागदी तक्त्यांवर आणि कॅल्क्युलेटरवर रोज हाताने करायचे. हाताने करणाऱ्याला त्या आकड्याच्या आत काय आहे ते ठाऊक असायचं. आपणही एकदा आत डोकावू. आरएसआय ५० म्हणजे सरासरी वाढ आणि सरासरी घट सारखी. ६० म्हणजे वाढ घटीच्या दीडपट. ७० म्हणजे सुमारे सव्वादोनपट. एवढंच तो सांगतो. शेअर महाग आहे, थकला आहे, आता पडेल, यातलं काहीही त्याने म्हटलेलं नाही. ‘७० च्या वर म्हणजे ओव्हरबॉट, विका’ असं शिकलेला आणि ‘७० च्या वर म्हणजे दम आहे, घ्या’ असं शिकलेला, दोघेही तोच आकडा पाहतात. जोरदार तेजीत आरएसआय आठवडेच्या आठवडे ७० च्या आसपास टिकून राहतो. तेव्हा ७० लिहिण्याआधी शेजारी लिहा: मी ताकद शोधतोय की थकवा? दोन्ही प्रश्न योग्य आहेत, पण एकाच सूत्रात दोन्ही बसणार नाहीत.

आणि ‘१४ दिवसांचा’ या शब्दांवर फार विसंबू नका. वाइल्डर यांच्या पद्धतीत रोजच्या हालचालीला चौदाव्या भागाचं वजन मिळतं. चौदा दिवसांपलीकडच्या हालचालींचा वाटा ३५ टक्क्यांच्या आसपास उरतो. नुकत्याच नोंदलेल्या शेअरचा आरएसआय म्हणून कच्चा असतो. २०० दिवसांची सरासरी तर नव्या शेअरला नसतेच. तुम्ही ती अट लिहिली की गेल्या नऊ-दहा महिन्यांतले सगळे आयपीओ गुपचूप बाहेर गेले. तुम्हाला ते चालतंय का?

भावाच्या आकड्यांमागेही पाहावं लागतं. २८ ऑक्टोबर २०२४ रोजी रिलायन्सचा शेअर एकास एक बोनसनंतरच्या भावाने सुरू झाला. साडेसव्वीसशेच्या घरातला भाव निम्म्यावर आला. भागधारकाचं काही गेलं नाही. पण जुने भाव बोनसप्रमाणे दुरुस्त केलेले नसतील तर त्या दिवशी तुमच्या सूत्राला रिलायन्स पन्नास टक्के कोसळलेला दिसेल, सगळ्या सरासऱ्यांच्या खाली. डेटा कोण देतो आणि बोनस-स्प्लिट दुरुस्त करून देतो का, हे सूत्र लिहिण्याच्या आधीचं काम. उलाढालीची अटही विसरू नका. अप्पर सर्किटला चिकटलेला एखादा छोटा शेअर सगळ्या अटी झोकात पार करतो. फक्त तो तुम्हाला विकायला कुणी नसतं. बंद भाव गुणिले व्हॉल्यूम इतक्या कोटींच्या वर, ही एक ओळ यादीतला बराच कचरा काढते.

आता सूत्र जवळजवळ तयार आहे, आणि इथेच मन हट्टाला पेटतं. मागच्या पाच वर्षांवर ते चालवून पाहिलं. ५० ने बरं उत्तर दिलं, ४७ ने जास्त चांगलं. मग ४७ ठेवावं? स्वतःला विचारा, ४७ मागे कारण काय आहे? पन्नासमागे निदान एवढं आहे की हजारो लोक तीच रेषा पाहतात आणि तिच्यापाशी थबकतात. ४७ मागे फक्त गेलेली पाच वर्षं आहेत. जो आकडा उत्तर पाहून निवडला तो पुढच्या वर्षी टिकेल असं मानायला आधार नाही. आणि त्या पाच वर्षांची यादी कुठून घेतली? आजचे निफ्टी ५० मधले शेअर घेऊन आणखी मागे, २०१८ पासून सूत्र तपासलं तर त्यात येस बँक नसेल. ती मार्च २०२० मध्ये निर्देशांकातून बाहेर गेली आणि तिच्या जागी श्री सिमेंट आली. पडलेले आधीच वगळून जे उरले त्यांच्यावर सूत्र तपासलं, तर ते चांगलं दिसणारच.

हे सगळं का, तर यादीपाठोपाठ पैसे जातात. सेबीने जुलै २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २०२२-२३ या वर्षात शेअरच्या रोख व्यवहारांत इंट्राडे करणाऱ्या दर १० वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ७ तोट्यात होते. त्यातल्या किती जणांकडे सूत्रं होती हे त्यात मोजलेलं नाही. पण ऐकीव सूत्र उचलून लावणारे मी रोज पाहतो, आणि त्यातली एखादी अट का आहे असं विचारलं की गप्प होणारेही.

म्हणून कागदाकडे परत या. प्रत्येक ओळीसमोर तिचं कारण एका वाक्यात लिहा, मराठीत, घरातल्या माणसाला कळेल असं. ज्या ओळीचं कारण लिहिता येत नाही ती खोडा, मग ती कितीही नामवंत इंडिकेटरची असो. उद्या साडेतीननंतर उरलेलं सूत्र टाइप करा, यादीतल्या पहिल्या दहा शेअरचे चार्ट स्वतः उघडून प्रत्येक अट डोळ्यांनी तपासा, आणि निदान तीन महिने फक्त वहीत नोंदी ठेवा. पैसे त्यानंतर लावा.